श्रेयनामावलीतून गळलेली माणसे

रवी पटवर्धन डिसेंबर २०२० मध्ये गेले. वय ८३. झी मराठीवर 'अग्गंबाई सासूबाई' ही मालिका तेव्हा चालू होती आणि त्यातल्या आजोबांची भूमिका त्यांची होती. चाळिशी ओलांडलेले प्रेक्षक त्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखत होते. दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं'मधल्या 'गप्पागोष्टीं'तून ते घराघरांत गेले होते. सिनेमातला पाटील, न्यायाधीश, पोलीस अधिकारी म्हणूनही ते दिसत राहिले. भरघोस मिशा, ताठ उभे राहणे आणि शब्दातले प्रत्येक अक्षर ऐकू येईल असा खडा आवाज. रत्नाकर मतकरींच्या 'आरण्यक'मध्ये १९७४ साली त्यांनी धृतराष्ट्र केला होता. ते नाटक २०१८ मध्ये पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या पटवर्धनांनी तोच धृतराष्ट्र पुन्हा उभा केला. एवढी लांब कारकीर्द नायकाच्या नशिबी क्वचित असते. नायकाचे वय झाले की त्याचे काम आटते. चरित्र अभिनेत्याचे वय झाले की त्याला आजोबा मिळतात.

या कारकिर्दीची दुसरी बाजूही सांगायला हवी. पटवर्धन रिझर्व्ह बँकेत नोकरीला होते. मराठी नाटकाची आणि पुढे मुंबई दूरदर्शनची एक अख्खी पिढी अशीच पोसली गेली. बँका, विमा कंपन्या, महापालिका, सरकारी कचेऱ्या, महाविद्यालये इथे दिवस जायचा. संध्याकाळी तालीम, रविवारी प्रयोग आणि रजा टाकून चित्रीकरण. आंतरबँक नाट्यस्पर्धांतून नट तयार झाले, कारण त्यांना नट म्हणून पोट भरण्याची सक्ती नव्हती. म्हातारपणी महिन्याच्या महिन्याला निवृत्तिवेतन यायचे ते बँकेकडून. दूरदर्शनकडून किंवा निर्मात्याकडून काही येण्याची अपेक्षाच नव्हती. मराठी करमणुकीने आपल्या चरित्र अभिनेत्यांना कधी सांभाळले नाही, त्यांना बँकांनी सांभाळले. हे आपण कधी मोकळेपणाने मान्य केलेले नाही, म्हणून आज जे चालले आहे त्याचा अंदाजही आपल्याला येत नाही.

ती व्यवस्था रोजच्या मालिकांनी मोडली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. आठवड्याला एक भाग असताना बँकेतला माणूस नट होऊ शकत होता. आठवड्याला पाच-सहा भाग, गोरेगावची फिल्मसिटी, मढ किंवा घोडबंदरचा बंगला, सकाळचा कॉल टाइम आणि बारा तासांची शिफ्ट असे झाल्यावर ते शक्य उरले नाही. नोकरी सोडा नाहीतर मालिका सोडा. मागच्या पंचवीस वर्षांत ज्यांनी मामा, काकू, शेजारी, वकील, डॉक्टर, गुरुजी केले, त्यातल्या बहुतेकांनी नोकरी सोडली किंवा धरलीच नाही. ते 'पर डे'वर, म्हणजे रोजंदारीवर, काम करतात. पैसे साधारण नव्वद दिवसांनी हातात येतात. लेखकाने ट्रॅक, म्हणजे त्या पात्राचे उपकथानक, बंद केला की पात्र गावाला जाते आणि नटाचा महिना कोरडा जातो. या पिढीच्या मागे बँक नाही.

ही टांगती अवस्था २०२० मध्ये सगळ्यांना दिसली. टाळेबंदीनंतर चित्रीकरण सुरू करण्याची परवानगी देताना राज्य सरकारने ६५ वर्षांवरील कलाकारांना सेटवर येण्यास मनाई केली. हेतू काळजीचाच असेल, पण त्याच वयाचा दुकानदार दुकान उघडू शकत होता. अखेर सत्तरीतल्या एका अभिनेत्याने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. या निकालाला मी फार मोल देतो. वृद्ध नटाला पोट आहे, अभिनय हा त्याच्या उपजीविकेचा धंदा आहे आणि ती उपजीविका हा त्याचा हक्क आहे, ही गोष्ट न्यायालयाने मानली.

मग या माणसांसाठी काय करावे? मदतनिधी, सत्कार, वृद्ध कलावंतांसाठी घरे या सूचना नेहमीच्या आहेत आणि त्यांना माझा विरोध नाही. पण माझी मागणी त्याच्या अलीकडची आहे आणि तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत. दूरचित्रवाणीवर, रेडिओवर, ओटीटीवर, ऑडिओ मालिकेत, ज्या ज्या भागात ज्या ज्या नटाने संवाद म्हटला, त्याचे पूर्ण नाव त्या त्या भागापाशी कायमचे नोंदले गेले पाहिजे. सक्तीने नोंदले गेले पाहिजे. नावाकडे मानपानाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते, पण आज पुढचे सगळे हक्क नावावरच अडकलेले आहेत.

कायदाच बघू. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा हक्क आला. मग २०१२ ची दुरुस्ती आली, २१ जून २०१२ पासून लागू झाली, आणि तिने दोन मोठ्या गोष्टी केल्या. पहिली: नटाने करार करून आपले काम चित्रपटात वापरू दिले, तरी त्या कामाचा व्यावसायिक वापर झाल्यास त्याला रॉयल्टी मिळण्याचा अधिकार राहतो. कायद्याच्या व्याख्येत चित्रपट म्हणजे केवळ थिएटरातला सिनेमा नव्हे; मालिकेचे चित्रमुद्रणही त्यात येते. दुसरी: कलाकाराला आपल्या कामाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क आहे. अपवाद एकच, कामाचा वापरच अशा रीतीचा असेल की त्यात नाव देणे शक्य होत नाही.

आता यातली मेख. याच कायद्यात कलाकाराच्या व्याख्येला एक परंतुक, म्हणजे अपवादाची अट, जोडलेले आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचे आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या प्रथेप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कुठेही दिले जात नाही, तो कलाकार मानला जाणार नाही. आपल्या कामाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क तेवढा त्याला उरतो. म्हणजे नाव देण्याची प्रथा नसेल तर तो कलाकार नाही, आणि कलाकार नाही म्हणून नाव मागण्याचा हक्क नाही. प्रथा कोण पाडतो? निर्माता आणि वाहिनी. ज्याच्याकडून हक्क मागायचा, त्याच्याच सवयीवर तो हक्क कायद्याने टांगून ठेवला आहे.

मान्य आहे की गर्दीतून चालत गेलेल्या प्रत्येकाला रॉयल्टी देता येणार नाही, आणि परंतुक त्यासाठीच आले. पण मालिकेतला तीन दिवसांचा इन्स्पेक्टर घ्या. तो येतो, घरात झडती घेतो, नायिकेच्या सासऱ्याला चार कडक वाक्ये ऐकवतो, दोन भाग पेलतो आणि जातो. तो किरकोळ आहे का? रंगभूमीवर असा प्रवेश ज्याला दिला जायचा तो अनुभवी नट असायचा, कारण अडखळत्या नटाच्या हातून अख्खा अंक घसरतो. रोजच्या मालिकेत वेळ कमी असल्याने तर अशा नटाची गरज जास्त. पानभर संवाद सेटवर हातात पडतो आणि पहिल्या-दुसऱ्या टेकमध्ये तो द्यायचा असतो. हे कसब पंधरा-वीस वर्षांनी येते. ते असलेल्या माणसाला कायद्याच्या उंबरठ्यावर उभे करून ठेवण्याचे कारण इतकेच, की त्याचे नाव कुणी टाइप केले नाही.

गायकांनी २०१२ च्या दुरुस्तीच्या बळावर आपली संस्था उभी केली, नोंदवली, आणि रॉयल्टीची वसुली सुरू केली. भांडणे झाली, न्यायालयात जावे लागले, पण पैसा येऊ लागला. नटांच्या बाजूने तसे काही उभे राहिले नाही. गाण्यापाशी गायकाचे नाव कायम असते, म्हणून हिशेब मांडता येतो. कोणत्या भागात कोण होते याचीच नोंद नसेल तर उद्या रॉयल्टी द्यायची ठरली तरी ती कुणाच्या खात्यात जमा करणार?

गंमत म्हणून नव्हे तर दुःखाने सांगतो, या बाबतीत आपण पूर्वी पुढे होतो. रेडिओवर नटाला चेहरा नसतो, त्यामुळे आकाशवाणीने नावाला पहिल्यापासून जपले. ध्वनिचाचणी देऊन नाट्यकलाकाराला श्रेणी मिळायची, वर्षे काढून ती वाढायची. श्रुतिका, म्हणजे रेडिओ नाटक, संपली की निवेदक सहभागी कलाकारांची नावे वाचायचा, नोकराची भूमिका करणाऱ्याचेसुद्धा. मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच'ने बाळ कुरतडकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी ही नावे महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवली. नीलम प्रभू, म्हणजे पुढच्या करुणा देव, यांना रस्त्यात कुणी चेहऱ्याने ओळखले नसते. 'मीनावहिनी' म्हणून आवाजाने ओळखले असते. १९३५ पासून 'इंडियन लिसनर' हे रेडिओचे नियतकालिक कार्यक्रम छापत असे, पुढे त्याचेच 'आकाशवाणी' झाले, आणि मग तेही बंद पडले.

ब्रिटनमध्ये तशाच नियतकालिकाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बीबीसीच्या 'रेडिओ टाइम्स'मध्ये नाटकाच्या वेळेखाली पात्रयादी छापली जायची. १९२३ ते २००९ पर्यंतच्या त्या सगळ्या अंकांमधल्या कार्यक्रमांच्या नोंदी बीबीसीने 'जीनोम' नावाच्या संग्रहात संगणकावर आणल्या आणि २०१४ मध्ये लोकांना खुल्या केल्या. १९५० च्या दशकात रेडिओ नाटकात पोस्टमन झालेल्या नटाचे नाव आज त्याची नात शोधू शकते. कार्यक्रमाची टेप उरलेली असो वा नसो. बीबीसीनेही टेपा पुसल्या. 'डॉक्टर हू'सारख्या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग त्यात गेले. तरीही त्या भागांत कोण होते हे माहीत आहे, कारण ते लिहून ठेवलेले होते. जून स्पेन्सर या अभिनेत्रीने 'द आर्चर्स' या रेडिओ मालिकेत १९५० च्या चाचणी भागांपासून काम केले आणि २०२२ मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी, ते थांबवले. अशी कारकीर्द आपल्याकडेही होऊन गेली असेल. पण ती कागदावर सिद्ध करता येईल का?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सुरुवातीच्या वर्षांत टेप महाग, म्हणून जुने पुसून नवे भरायचे. 'चिमणराव' मालिकेतले गुंड्याभाऊ, बाळ कर्वे, २०२५ मध्ये गेले तेव्हा आठवणींचे लेख खूप आले, आणि ते आठवणींवरच लिहावे लागले. कर्वे आणि दिलीप प्रभावळकर यांची नावे लोकांना पाठ आहेत म्हणून तेवढे तरी झाले. त्याच काळात 'गजरा'त, नाट्यावलोकनात, मुलांच्या कार्यक्रमांत चमकून गेलेल्या बाकीच्या माणसांचे काय?

हा भूतकाळाचा हळवेपणा आहे असे कुणाला वाटेल, म्हणून रोखठोक उदाहरण देतो. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकार मानधन देते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या या योजनेत आता सर्वांना सरसकट महिना ५,००० रुपये मिळतात. अर्जासोबत कलाक्षेत्रातल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. तमाशातला किंवा दशावतारातला कलावंत गावाचा दाखला, जत्रेचे हँडबिल, फोटो जोडतो. ज्याने मालिकांमध्ये आणि आकाशवाणीवर वीस-पंचवीस वर्षे छोटी कामे केली त्याने काय जोडायचे? करार बहुधा नट पुरवणाऱ्या को-ऑर्डिनेटरकडे राहिला. निर्मितीसंस्था बंद झाली. वाहिनी विकली गेली, नाव बदलले. मालिकेच्या शेवटची नावे एकतर दाखवलीच नाहीत, नाहीतर जाहिरातीच्या खिडकीशेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत पळाली. लाखो लोकांनी पाहिलेल्या कामाचा पुरावा त्या माणसाच्या कपाटात नाही.

निर्मात्यांचे म्हणणे मी ऐकलेले आहे आणि ते सगळे खोटे नाही. मराठी मालिकेचे बजेट हिंदीच्या मानाने तुटपुंजे असते. बावीस मिनिटांच्या भागात नावांना अर्धे मिनिट दिले तर ते जाहिरातीतून जाते. प्रेक्षक नावे पाहत नाही, ओटीटीवर तर बटण दाबून पुढे जातो. ठीक. पण हा युक्तिवाद पडद्याच्या वेळेबद्दल आहे, आणि मी पडद्याची वेळ मागतच नाही. ओटीटीवर प्रत्येक भागाचे स्वतःचे पान असते. त्यावर भागाचे नाव, तारीख, दोन ओळींचा सारांश असतो आणि बहुतेकदा दोन किंवा चार प्रमुख नावे असतात. तिथे चौदा नावे घालायला काय लागते? प्रॉडक्शनकडे रोजचा कॉलशीट असतो, कोण किती वाजता आले याची नोंद असते, त्यावरून पैसे निघतात. ही यादी तयारच आहे. फक्त ती हिशेबाच्या फायलीतून बाहेर काढून भागाच्या पानावर चढवायची. 'नाव देणे शक्य नव्हते' हा कायद्यातला अपवाद तीस सेकंदांच्या शीर्षकगीताला लागू पडेल. ज्या पानाला लांबीची मर्यादाच नाही त्याला तो कसा लागू पडेल?

रॉयल्टीने मराठी मालिका बुडतील, ही भीती दाखवली जाते. अमेरिकेत पुनर्प्रसारणाच्या मोबदल्यासाठी चित्रपट अभिनेत्यांच्या संघटनेने १९६० मध्ये संप केला होता. २०२३ मध्ये पुन्हा ११८ दिवसांचा संप झाला, त्यातही ओटीटीवरच्या वापराचा मोबदला हा मोठा मुद्दा होता. तिथला धंदा बुडाला नाही. आपल्याकडे तेवढी संघशक्ती नाही आणि तेवढा पैसाही नाही, म्हणून पहिल्या प्रक्षेपणावर काही मागू नये. पण जी मालिका संपून पाच वर्षे झाली, जी अॅपवर पडून सभासद खेचते आहे, दुसऱ्या भाषेत डब होऊन विकली जाते आहे, तिच्या उत्पन्नातला छोटा वाटा त्या नटांपर्यंत जाणे यात निर्मात्याचे दिवाळे कसे निघेल? प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे आपले ओटीटी सुरू केले आणि दूरदर्शनचा जुना ठेवा त्यावर आणला. मार्च २०२० मध्ये 'रामायण' पुन्हा दाखवले तेव्हा अख्खा देश टीव्हीसमोर बसला. त्यातला भरत, आपला संजय जोग, १९९५ मध्येच गेला होता. इतक्या जुन्या कामापर्यंत २०१२ च्या दुरुस्तीचा हात पोहोचतो का, हा वकिलांच्या वादाचा प्रश्न आहे. पण सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रसार भारतीने तो वाद जिंकून काय मिळवायचे आहे?

ऑडिओचा मामला याहून निसरडा आहे, आणि मला जास्त चिंता त्याची वाटते. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे श्राव्य पुस्तकांचे अॅप भारतात आले. मग इतरही अॅप आली आणि मराठीत श्राव्य कथा, श्राव्य मालिका यांना नवा श्रोता मिळाला. बसमध्ये, पोळ्या लाटताना, रात्रपाळीत लोक ऐकू लागले. रंगभूमीवरच्या किती तरी नटांना यातून काम मिळाले. पण बहुपात्री मालिकेत मुख्य आवाजांचे नाव मुखपृष्ठावर येते आणि बाकीचे आवाज 'आणि इतर' होतात. दरम्यान, माणसाचा आवाज थोड्या ध्वनिमुद्रणावरून संगणकावर हुबेहूब बनवता येऊ लागला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलेला मनाई केली. चांगला निकाल. पण त्याचा पाया त्यांची प्रसिद्धी हा आहे. लोक त्यांना ओळखतात, म्हणून त्यांच्या आवाजाला संरक्षण. चरित्र नटाचा आवाज हजारो घरांत ओळखीचा असतो, त्यामागचे नाव कुणाला माहीत नसते. त्याने न्यायालयात उभे राहून 'हा आवाज माझा आहे' म्हटले, तर पहिला प्रश्न येईल की कशावरून. नोंद नसेल तर त्याच्याकडे उत्तर नाही. आणि निर्मात्याच्या संगणकात मात्र त्याचा शेकडो तासांचा स्वच्छ, पात्रनिहाय वेगळा केलेला आवाज आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यांत दृक्‌श्राव्य निर्मितीतला कामगार अशी व्याख्या आली आणि अभिनेता तिच्यात आला, ही पुढची पायरी. पूर्वीचा १९८१ चा कायदा सिनेमापुरता होता. आता राज्याने नियम करताना दोन गोष्टी घालाव्यात: करारात भागनिहाय नाव देण्याची अट, आणि केवळ आवाजाच्या निर्मितीतल्या नटालाही तेच संरक्षण. परंतुक बदलायला संसद लागेल. नियमात नावाची सक्ती करायला मंत्रालय पुरेल.

आणि एक काम कुठल्याही कायद्याशिवाय लगेच सुरू होऊ शकते. आकाशवाणीच्या मुंबई, पुणे, नागपूर, जळगाव, रत्नागिरी, पणजी अशा केंद्रांनी श्रुतिका केल्या. त्यांतले जे ध्वनिमुद्रण उरले आहे त्याला जोडलेली नोंद अनेकदा नाटकाचे आणि लेखकाचे नाव सांगून थांबते. त्या काळी स्टुडिओत निर्माते, निवेदक, ध्वनिमुद्रक म्हणून काम केलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. दोन वाक्ये ऐकली तर हा आवाज कोणाचा हे ती सांगू शकतात. त्यांना बोलवा, मानधन द्या, हेडफोन द्या, शेजारी एक विद्यार्थी बसवा आणि नावे लिहून घ्या. विद्यापीठांच्या नाट्यविभागांना आणि पत्रकारितेच्या महाविद्यालयांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. नाट्यपरिषदेच्या शाखा गावोगाव आहेत. त्यांनी आपल्या भागातल्या श्रेणीप्राप्त आकाशवाणी कलाकारांची यादी करावी, जुनी करारपत्रे गोळा करून स्कॅन करावीत. अशा करारपत्रावर कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि मानधनाचा आकडा असतो. म्हणजे पात्रयादीचा अर्धा भाग निवृत्त कलाकारांच्या ट्रंकांमध्ये आधीच लिहिलेला आहे. घर बदलताना, रंग देताना, माणूस गेल्यावर तेराव्यानंतर आवराआवर करताना तो दर महिन्याला थोडाथोडा रद्दीत जातो आहे.